बैलाचे दात बघणारे आपण

"सर, पाच हजार टोकन देऊन आलो. तुम्ही फक्त कागदं एकदा बघून द्या."

मागच्या महिन्यात सकाळी सकाळी माझा एक माजी विद्यार्थी दारात उभा होता. सोबत त्याचा मुलगा. वय एकोणीस, इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष. पोराचे डोळे नुसते चमकत होते. खामगावला कुणाकडे तरी एक सेकंडहँड स्पोर्ट बाइक पाहून आले होते. निळी, दीडशे सीसीच्या वरची, मागची सीट उंटाच्या पाठीसारखी उचललेली. मागणी ८५ हजार. जाहिरातीत लिहिलेलं: सिंगल हँड, शोरूम कंडिशन, इंजिन टच नाही, अर्जंट विकणे आहे.

मी कागद हातात घेतले नाहीत. म्हटलं, "कागद नंतर. आधी गाडी."

असं का म्हटलं, ते सांगण्यासाठीच आज लिहितो आहे. शाळामास्तरानं मोटारसायकलवर लिहावं का, असा प्रश्न काही जणांना पडेल. पडू द्या. चार वर्षांपूर्वी असाच एक बाप असाच एक पोरगा घेऊन माझ्याकडे आला होता. तेव्हा मी चष्मा लावून कागद वाचले. आरसी बरोबर, विमा चालू, नाव, पत्ता, इंजिन नंबर सगळं अक्षर न् अक्षर बरोबर. मी म्हणालो, "घेऊन टाका." सात महिन्यांनी तो पोरगा शेगाव-अकोला रस्त्यावर एका वळणावर पडला. आज त्याच्या पायात सळई आहे आणि चालताना तो डावीकडे झुकतो. गाडी नंतर गॅरेजमध्ये खोलली तेव्हा कळलं, पुढचा शॉकअप आधीच एकदा वाकलेला होता आणि तो ठोकून सरळ करून बसवलेला होता. त्यामुळेच तो पडला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वळणावर वाळू होती, वेगही असेल. पण वाकडी गाडी आम्ही त्याच्या हातात दिली आणि तिला माझा शेरा होता: उत्तीर्ण. पेपर न तपासता मी मार्क दिले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नाही, ते तिथं केलं.

असो. मुद्द्यावर येतो.

आपण वऱ्हाडातली माणसं. बैल घेताना काय काय करतो ते आठवा. बाजारात गेलो की आधी जबडा उघडतो. दोनदाती, चारदाती की सहादाती, हे बोटानं पाहतो. हेडी कितीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत. मग खांदा चाचपतो, जू लागून कधी गळू झालं होतं का. खूर बघतो. चालवतो, वळवतो, मागून चाल बघतो. मारका आहे का, बसका आहे का, हे आजूबाजूला विचारतो. जमलं तर गाडीला जुंपून पाहतो. एवढं झाल्यावर कुठं रुमालाखाली बोटं धरतो.

आणि हीच माणसं ८५ हजारांची मोटारसायकल कशी घेतात? टाकीवरून हात फिरवतात, रेस करून आवाज ऐकतात, पोराकडं बघतात आणि टोकन देतात!

८५ हजार म्हणजे किती, हेही एकदा सांगतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं सोळा क्विंटल सोयाबीन झालं. (हमीभाव प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडतो, हा वेगळाच विषय आहे.) बापानं वर्षभर वावरात घातलेला घाम एका दुपारी, एका रंगाकडं बघून देऊन टाकायचा, याला व्यवहार म्हणायचं का?

यावर मला चार उत्तरं नेहमी मिळतात. चारही उत्तरं चुकीची आहेत, आणि का चुकीची ते एकेक करून बघू.

पहिलं उत्तर: "सर, या गाड्याच मुळात घेऊ नयेत. पोरं मरतात." माझ्या वयाचे लोक हे फार म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्या तरुणपणी आम्ही १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० कडं आणि १९८५ च्या आरएक्स १०० कडं असंच तोंड उघडं टाकून पाहत होतो. पैसे नव्हते म्हणून लूना घेतली, शहाणपण होतं म्हणून नव्हे. १९९९ ला सीबीझेड आली, २००१ ला पल्सर, २००३ ला करिझ्मा, २००८ ला आर१५. चाकणला बनलेली ड्यूक २०१२ पासून रस्त्यावर आहे. प्रत्येक पिढीच्या पोरांनी आपापली गाडी निवडली. आणि खरं सांगायचं तर आजच्या या गाड्यांचे ब्रेक माझ्या लूनापेक्षा कितीतरी चांगले आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. घाबरायचं गाडीला नव्हे, तिच्या लपवलेल्या भूतकाळाला.

आणि भूतकाळ लपवायला ही गाडी फार सोयीची आहे. लूनाला लपवायला जागाच नव्हती, सगळी हाडं बाहेर. स्प्लेंडरचंही तेच. पण स्पोर्ट बाइकला चहूबाजूंनी फायबर असतं. गाडी पडली, आतला सांगाडा वाकला, तरी बाजारातून नवं फायबर आणि नवी स्टिकरं लावली की नवरी पुन्हा बोहल्यावर उभी! दुसरी गोष्ट, साध्या शंभर सीसीच्या गाडीचं इंजिन साधारण आठ अश्वशक्तीचं. आर१५ ची २०१८ ची तिसरी आवृत्ती घ्या, दीडशेच्या आसपास सीसीतून एकोणीस अश्वशक्ती काढते आणि ती मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर. एवढं काम करणाऱ्या इंजिनाला ऑइल वेळेवर लागतं, कूलंट लागतं. पहिला मालक बहुतेक वेळा वीस-बावीसचा. त्यानं ती भाजी आणायला घेतलेली नसते. म्हणून पाच वर्षांची स्प्लेंडर आणि पाच वर्षांची स्पोर्ट बाइक यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

दुसरं उत्तर: "आमच्या मेकॅनिकनं पाहिली आहे." कुठला मेकॅनिक? ज्यानं गिऱ्हाईक आणलं तोच ना? आपल्या गावांतून जुन्या गाडीच्या व्यवहारात सांगणाऱ्याला दोन्हीकडून काहीतरी मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बैलबाजारात हेड्याच्या शब्दावर कुणी बैल घेत नाही, मग इथं का? मेकॅनिक आपला हवा, त्याची मजुरी आपण द्यायला हवी, आणि ती गाडी घेतली नाही तरी द्यायला हवी. दोन-तीनशे रुपये वाचवायला जाऊन माणसं लाखाचं नुकसान करून घेतात.

माझ्या सुदैवानं माझा एक विद्यार्थी गॅरेज चालवतो. दहावीला मराठीत जेमतेम पस्तीस. मी त्याला प्रयोग आणि समास शिकवायचा प्रयत्न केला, त्यानं मला म्हातारपणी कोनसेट आणि चेनसेट शिकवला. त्याचा विद्यार्थी म्हणून मी जास्त हुशार निघालो, असं तो म्हणतो. त्यालाच घेऊन आम्ही खामगावला गेलो.

गाडी दारात उभी होती. त्यानं आधी काही न बोलता इंजिनवर हात ठेवला.

"गरम काहून हाये?"

"आत्ताच पेट्रोल टाकून आणली," विकणारा म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "काका, डोळे मिटून घ्या. गाडीत एक रुपयाचं काम नाही."

गरम इंजिन बटण दाबताच सुरू होतं. खोड कळते ती थंड असताना. आमचा पठ्ठ्या म्हणाला, "आज चालूच करत नाही. उद्या सकाळी सातला येतो, तोवर गाडीले हात लावू नोका." विकणाऱ्याचा चेहरा पडला. माझ्या दृष्टीनं निम्मी परीक्षा तिथंच झाली होती. पण उरलेल्या वेळात त्यानं जे जे पाहिलं ते लिहून ठेवतो, कारण ते कुणालाही बघता येतं. त्याला इंजिनियर व्हावं लागत नाही.

हँडलच्या मानेवर चेसिस नंबर कोरलेला असतो. तो आरसीशी जुळवायचा, आणि आकडे घासलेले किंवा आजूबाजूचा रंग नवा आहे का ते बघायचं. तिथंच खाली हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळलं की जिथं अडतं तो खुंट असतो. गाडी जोरात आपटली की हा खुंट चेपतो. फायबर बदलतात, खुंट कुणी बदलत नाही. बैलाचा दात म्हणतात तो हाच! आमच्या निळ्या गाडीचा डावा खुंट चेपलेला होता.

मग हँडलची टोकं, ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोकं, पाय ठेवायच्या दांड्या, इंजिनाचं झाकण. पडलेल्या गाडीच्या या जागा घासलेल्या असतात. सगळं जुनं आणि एकाच बाजूची दांडी कोरी करकरीत, तर ती का बदलली हे विचारायचं. फायबरचे किती स्क्रू जागेवर आहेत ते मोजायचं.

माझा पांढरा रुमाल त्यानं मागून घेतला. शॉकअपच्या चकचकीत नळ्या पुसल्या, पुढचा ब्रेक दाबून गाडी पाच-सहा वेळा खाली दाबली आणि पुन्हा रुमाल फिरवला. तेलाचं काळं वर्तुळ उमटलं. सील गेलेलं. ते तेल गळत गळत ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर काय होईल, ते सांगायला नको. मग पुढचं चाक अधांतरी धरून हँडल हळूहळू वळवायला लावलं. मधोमध आल्यावर किंचित अडकत होतं, म्हणजे कोनसेट गेलेला.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटानं मागं ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट संपला. स्प्रॉकेटचे दात वाकून अणकुचीदार झाले असतील तरीही तेच. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. टायरला नक्षी असली तरी रबर म्हातारं होतं. आणि मीटर १२ हजार किलोमीटर दाखवतो, पण हँडलचे रबर गुळगुळीत, ब्रेकचा दांडा झिजलेला, असं दिसलं तर मीटरवर नव्हे, रबरावर विश्वास ठेवायचा. डिजिटल मीटरही मागं घेता येतं.

एक गोष्ट मला फार आवडली. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी थोडी पुढं गेली की विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर बिघाड आहे हे कुणालाही कळतं. पण लागतच नसेल तर? तर माणूस म्हणतो, छान, काही तक्रार नाही! वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या पोराला सगळं समजलंय असं समजणाऱ्या मास्तरासारखं ते आहे. दिवाच बंद करून ठेवलेला असू शकतो.

दुसऱ्या दिवशी सातला गेलो. थंड इंजिन चौथ्या प्रयत्नाला सुरू झालं. मागून निळसर धूर आला आणि बराच वेळ येत राहिला, म्हणजे ऑइल जळत होतं. कूलंटच्या डब्यातलं पाणी गढूळ, गंजकट. (हा डबा इंजिन गार असतानाच बघायचा, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर भाजतं.) शेवटी त्यानं गाडी सरळ उभी करून मागून डोळा लावला. दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती.

"सर, थे गाडी पडेल हाये. अन् जोरात पडेल हाये."

पोराचा चेहरा पाहवत नव्हता. टोकनचे पाच हजार परत मिळाले नाहीत. मी बापाला म्हटलं, पाच हजारांत सुटलास.

तिसरं उत्तर: "माणूस ओळखीचा आहे, पाहुण्यातला आहे." हे तर सगळ्यात धोक्याचं. ओळखीच्या माणसाकडं गाडी बघताना आपण वाकून बघत नाही, लाज वाटते. आणि कागदांच्या बाबतीत तर ओळख म्हणजे सरळ गळफास. "टीटी फॉर्मवर सह्या करून देतो, तुम्ही सावकाश नावावर करा." हे सावकाश कधीच येत नाही. कोऱ्या सह्यांचे फॉर्म कपाटात पडून राहतात, गाडी आणखी दोन हातांतून जाते.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५०. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. विमा जुन्याच मालकाच्या नावावर राहिला आणि आपल्या गाडीचं नुकसान झालं, तर भरपाई मागायला गेल्यावर तोंडघशी पडतो.

विकणाऱ्यांनीही हे वाचावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. एक मोटार एकामागून एक अनेक हातांतून गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? ज्याचं नाव नोंदणीत आहे त्यानं. गाडी विकून पैसे घेऊन तुम्ही घरी सुखानं झोपला आहात, आणि कुठल्या तरी रस्त्यावर ती अजून तुमचीच आहे! खामगावचा असो की शेगावचा, कोऱ्या फॉर्मवर सही करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, एप्रिल २०२३ पासून लागू. व्यापाऱ्याकडे परिवहन खात्याचं अधिकृत प्रमाणपत्र हवं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आहे तोवर जबाबदारी त्याची. मी एकदोन ठिकाणी या प्रमाणपत्राबद्दल विचारून पाहिलं. हसले. आपण विचारत नाही म्हणून ते हसतात. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकरावा हसणार नाही.

चौथं उत्तर: "पोराचं मन मोडवत नाही." याला काय म्हणावं? मी बाप होतो, आजोबा आहे, मलाही मोडवत नाही. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. त्याच २०२२ च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून विक्रम झाला. रस्ते असे गुळगुळीत झाले, गाड्या अशा वेगवान झाल्या, आणि गाडी बघण्याची आपली रीत मात्र टाकीवरून हात फिरवण्याची! मन मोडलं तर आठ दिवसांत सांधतं. मांडीचं हाड सांधायला वर्ष लागतं, आणि तरीही झुकतं माप राहतंच. मी ते रोज सकाळी फिरायला जाताना बघतो. तो पोरगा मला पाहिलं की अजूनही थांबून नमस्कार करतो. तेच मला सहन होत नाही.

एक पाचवं उत्तरही आहे, ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. "महाराज पाहून घेतील." आपल्या गावात गाडी घेतली की आधी मंदिराकडं आणायची, हार घालायचा, नारळ फोडायचा. मीही तसंच करतो आणि करत राहीन. पण नारळ गाडी घेतल्यावर फोडायचा असतो, आणि घेण्याआधी डोळे आपले वापरायचे असतात. ते डोळे त्यांनीच दिलेले आहेत ना? ज्यांनी शितावर शीत पडलेलं बघून पत्रावळ निपटून दाखवली, त्यांच्या गावात आपण इतके बेफिकीर राहावं, हे शोभत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गाडी थंड इंजिनावर पाहिल्याशिवाय टोकन नाही. आपल्या पैशानं आणलेल्या मेकॅनिकशिवाय सौदा नाही. जे जे काम निघालं त्याचा खर्च कागदावर मांडून, तो मागणीतून वजा करूनच बोलणं. सांगाडा वाकलेला निघाला तर मात्र वजाबाकीही नाही. फुकट दिली तरी नाही. आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर कुणाचीही सही नाही. विकणारा चिडला तर चिडू द्यावा. चांगला बैल असलेला शेतकरी जबडा उघडायला कधी नाही म्हणत नाही.

तो निळ्या गाडीवाला पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. परवा संध्याकाळी आला. हातात कचोरीची पुडी आणि मोबाइलमध्ये दुसऱ्या एका गाडीचे फोटो. म्हणाला, "सर, अजून टोकन दिलं नाही. मालकाले सांगितलं, सकाळी येतो, थंड पाहिजे."

आणि मग जरा थांबून, "खुंट मी सोता पाह्यला. चेपेल नाही."

उद्या सकाळी साडेसहाला आम्ही निघतो आहोत. रुमाल धुऊन ठेवला आहे.